माल वाढवू?

दिवाळीत अहमदपूरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. शेत गावाला लागूनच. विहिरीचं काम पस्तीस फुटांवर अडलेलं, काळा पाषाण लागलाय. ठेकेदाराकडे उपाय एकच : "मालक, माल वाढवू." माल म्हणजे जिलेटिनच्या कांड्या. वाढवला. आवाज गावभर गेला, काकूच्या भिंतीला तडा गेला आणि विहिरीत निघाला काय, तर बराचसा भुगा!

तेव्हापासून राहवत नाहीये, म्हणून हे लिहितोय.

लहानपणी पाहिलेले वडार आधी दगड वाजवून बघायचे. मग ओळीनं भोकं, त्यात पाचरी, आणि सगळ्यांवर आळीपाळीनं हलके घाव. अशा वेळी चिरेला सवड असते. ती सगळ्यात कच्ची वाट शोधत जाते आणि धोंडा सरळ दुभंगतो. सुरुंगाचं तसं नाही. दणक्याची लाट काळ्या पाषाणातून सेकंदाला पाचएक किलोमीटर धावते, चीर तिच्यापेक्षा बरीच हळू. पहिली चीर पुढे सरकून आजूबाजूचा ताण सैल करेपर्यंत शेकडो ठिकाणी नव्या चिरा सुटलेल्या असतात. म्हणून तोच दगड अचानक दणक्याला जास्त चिवट ठरतो, आणि तुटला की बारीक तुटतो. जितका भुगा बारीक तितकी ऊर्जा त्यातच खर्ची पडते. भोकाभोवतीचं पीठ झालं, थोडी उष्णता झाली, उरलेलं जमिनीतून थरथरत काकूच्या भिंतीकडे! मांजऱ्या लागला तर आणखी गंमत. त्याची बारीक छिद्रं चेपली जातात आणि तो लाट गिळूनच टाकतो.

याचं टोक बघायचं तर लोणार. खडक आपलाच, बेसाल्ट. पण अशनी आदळला आणि जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. तिथल्या दगडातले काही स्फटिक न वितळताच काचेसारखे झालेत. १९७३ साली असे पुरावे प्रसिद्ध झाले आणि ज्वालामुखीचा जुना तर्क मागे पडला.

असो. माझं म्हणणं साधं आहे. माल कमी भरा, भोकं जवळजवळ घ्या, तोंडाशी माती नीट ठासा, आणि सगळे बार एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवा. तशा टोप्या बाजारात मिळतात. महाग पडतात म्हणे. पण लातूर जिल्ह्यात भिंत हादरणं म्हणजे काय, हे ठेकेदाराला मी सांगायला हवं का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड फारसे फुटलेच नव्हते. मातीत रचलेल्या जाड भिंती उकलल्या आणि माणसं त्याखाली गेली. काकू तेव्हापासून दाराजवळच झोपते. तडा पाहिल्यावर तिनं दोन रात्री खाट अंगणात टाकली.

ठेकेदाराला म्हटलं, पुढचा बार निम्म्या मालाचा. तो हसला, "दगड हलायचा नाही, मालक." सोमवारी बार आहे. मी जाणार आहे, रजा टाकून.