अठराव्या वर्षानंतरचे कान



2025 हे वर्ष मराठवाड्याला जड गेलं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गोदावरी पात्राबाहेर आली, हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. या दोन्हींवर या दिवाळी अंकात लेख आहेत. ही जागा मात्र वर्षभर सलत राहिलेल्या एका गोष्टीसाठी ठेवली आहे: आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांचे कान.

‘सर, ऐकू येतं, पण कळत नाही,’ असं मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, तेव्हा आपण त्याला ढ ठरवून मोकळे होतो. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून असू शकतं. मोठ्या आवाजाने आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं. स्वर पोचतात, ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. शांत खोलीतल्या गप्पांत हे लक्षातही येत नाही. पंख्यांच्या घरघरीत, भरलेल्या वर्गात मात्र वाक्यच हाती लागत नाही.

85 डेसिबलचा आवाज कानाला दिवसातून आठ तास सोसतो असं मानतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. आणि आपली मुलं गणपतीत, जयंतीत, वरातीत डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचतात. दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसतात, शिट्टी वाजत राहते, मग बरं वाटतं. कानातल्या नाजूक केसपेशी वाऱ्याने लवलेल्या ज्वारीसारख्या पुन्हा उभ्या राहतात, पण मोडलेलं ताट उभं राहत नाही. माणसाच्या कानात या पेशी नव्याने उगवत नाहीत. भर घालायला इअरफोन आहेतच. जगभरातले शंभर कोटींहून अधिक तरुण अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा नाही असं नाही. 2000 सालच्या नियमांनी महाविद्यालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली हे ठणकावून सांगितलं. 2025 साली गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. राज्याच्या उत्सवात तरी हे नियम पाळले जावेत, एवढी अपेक्षा जास्त नाही. हा कोणा एका जातीधर्माचा प्रश्न नाही. भिंत सगळ्यांच्याच मिरवणुकीत असते.

खरा संताप पुढेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे कान अठरा वर्षांपर्यंत तपासले जातात. ज्या वयात धोका वाढतो, त्याच वयात तपासणी संपते. पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोराला कानातला दोष कळतो तो सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत, नापास झाल्यावर. 2016 च्या दिव्यांग कायद्याचा आधारही त्याला नाही. तिथे दोन्ही कानांत निदान 60 डेसिबलचं नुकसान लागतं, आणि वर्गात मागे पडायला त्याहून कितीतरी कमी पुरतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आमच्या परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या मदतीने नांदेडच्या विद्यापीठाने आणि इथल्या कृषी विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याची श्रवणचाचणी सक्तीची करावी. जिंतूर, गंगाखेड, पालम या तालुक्यांतल्या मुलांसाठी ती त्यांच्या महाविद्यालयातच व्हावी.

यंदाच्या अंकाचा विषय ‘गोदाकाठ’. गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग आणि जात्यावरच्या ओव्या या काठावर कानांवरूनच पुढच्या पिढीकडे गेल्या. ऐकू न येणारी पिढी हा वारसा घेणार कसा?

तुम्ही आमचे जुने वाचक, म्हणून हक्काने सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलामुलींचे कान तपासून घ्या. आणि पुढच्या वर्षी गणेश मंडळाची वर्गणी देताना विचारा, डीजे लावणार का? लावणार असतील, तर वर्गणी देऊ नका.