आजीचा कोयता

दसरा-दिवाळी झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा भागांतून माणसांनी भरलेले ट्रक साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ असते. एकटा माणूस अर्धा. मागे नातवंडे सांभाळणारी आजी मात्र कोणत्याच हिशेबात नसते.

एकत्र कुटुंबाचे गोडवे आपण निबंधांतून पुष्कळ गातो. पण हे कुटुंब वर्षातले पाच-सहा महिने एकत्र असते कोठे? आजी आहे म्हणून पोरांची शाळा सुटत नाही, हे खरे. तरी ज्या आजीने स्वतः कधी पाटी धरली नाही, ती अभ्यास कसा घेणार? हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. शाळेत न जाणाऱ्या चिमुकल्यांचा भार आजीवरच राहिला.

तिच्या मायेचे कौतुक पुरे झाले. कोयत्याच्या मजुरीत तिच्या श्रमाचाही वाटा धरला पाहिजे. आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर बहुधा ऐन हंगामातच भरते. दिवसा रस्ते झाडावेत, संध्याकाळी त्या मुलांचा अभ्यास घ्यावा. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच एखाद्या आजीच्या हातची भाकरी खाऊन इथवर आलो आहोत.