‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की सगळ्यांना ॲडमिन करू नका



मार्केटिंग, लोन, जीएसटी यावर आपण नेहमी बोलतो. आज मात्र असा विषय घेतोय, जो मालक लोक ‘ते हार्डवेअरवाला बघतो’ म्हणून सोडून देतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ॲडमिन कोण?

माझं मत आधीच सांगतो. हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्याचा नाही, मालकाचा आहे. शटरची किल्ली कोणाकडे राहील हे जसं तुम्ही ठरवता, तसंच हेही तुम्हीच ठरवायचं.

नगर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. पाच कॉम्प्युटर, एकाच नेटवर्कवर. सगळ्यांचा डेटा मेन मशीनवर. एकदा डिझाइनवाल्या पोराला ड्रॉइंगचं फोल्डर उघडेना. ‘ॲक्सेस डिनाइड’. शेठनी हार्डवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “शेठ, त्याला ॲडमिन करून टाका, मिटला विषय.” फोनवर सांगत सांगत दोन मिनिटांत केलं, आणि खरंच उघडलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्याला प्रिंटर बसवता येईना. त्यालाही ॲडमिन. असं करत करत वर्षभरात सगळेच ॲडमिन झाले.

मी शेठना विचारलं, “मेन मशीनचं मूळ ॲडमिन अकाउंट कोणाच्या नावावर आहे?”

“ते त्या पोराकडेच आहे सर. त्यानेच बसवलं ना सगळं.”

तो पोरगा पुढे चाकणला नोकरीला लागला. काही महिन्यांनी मेन मशीनचा बोर्ड खराब झाला. बोर्ड बदलून मशीन चालू केलं तर निळ्या स्क्रीनवर मागणी, ४८ आकड्यांची रिकव्हरी की टाका. हल्लीच्या विंडोजमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असू शकतं, आणि त्याची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन सुरू केलं त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. इथे ते अकाउंट त्या पोराचं स्वतःचं होतं, जुन्या मोबाईल नंबरवर काढलेलं. टॅली त्याच मशीनवर, ड्रॉइंग त्याच मशीनवर, आणि बॅकअप दोन महिने जुना. दोन दिवसांनी ३बी रिटर्नची २० तारीख.

पोरगा वाईट नव्हता. सापडला, मदतही केली. रिटर्न २३ तारखेला गेलं. लेट फी रोजची ५० रुपये, वर १८ टक्क्यांनी व्याज, ते किरकोळच. पण पाच दिवस ड्रॉइंगविना वर्कशॉप बसून राहिलं आणि एका पार्टीचा माल वेळेवर गेला नाही. ते नुकसान कुठल्या पावतीवर दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, “सर, आमचं चार-पाच माणसांचं काम. सगळी घरचीच पोरं. विश्वासावर चालतं.” बरोबर आहे. छोट्या धंद्यात एक माणूस चार कामं करतो, दर वेळी परवानगी मागत बसला तर काम अडतं. पण हा विश्वासाचा प्रश्नच नाही. काउंटरवरच्या पोरावर तुमचा विश्वास असतो, म्हणून गल्ला त्याच्याकडे असतो. तरी तिजोरीची किल्ली तुम्ही त्याला देत नाही. कारण उद्या त्याच्याकडून किल्ली हरवली तर गल्ला जाईल, तिजोरी जाणार नाही. नेटवर्कवर हेच घडतं. पोरगा प्रामाणिकच असतो, पण एखाद्या खोट्या मेलवर क्लिक करतो. ते क्लिक साध्या अकाउंटवर झालं तर नुकसान बहुतेक वेळा त्याला दिसणाऱ्या फायलींपुरतं राहतं. ॲडमिन अकाउंटवर झालं तर व्हायरसला पूर्ण मशीन मिळतं, आणि तिथून बाकीच्या मशीनचा रस्ता.

हे मी भीती घालायला सांगत नाही. आपल्याच राज्यात घडलेलं आहे. आपल्या नगर-नाशिकचा कांदा ज्या न्हावा शेवा बंदरातून बाहेर जातो, तिथल्या जेएनपीटीमधलं एक टर्मिनल २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने ठप्प झालं. टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या जगातल्या मोठ्या शिपिंग ग्रुपची. व्हायरस सुरू झाला युक्रेनमधून, तिथल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे आपल्याकडे टॅलीचं अपडेट यावं तसा. आणि तडाखा बसला उरणच्या किनाऱ्यावर.

तो पसरला कसा, ते आपल्या कामाचं आहे. एक रस्ता विंडोजमधल्या जुन्या भोकाचा, ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं त्यांच्यासाठी. दुसरा रस्ता जास्त धोक्याचा. मशीनवर ॲडमिन हक्क मिळाले की तिथे लॉगिन केलेल्या लोकांचे पासवर्ड तो मेमरीतून उचलायचा आणि तेच वापरून शेजारच्या मशीनवर रीतसर ॲडमिन म्हणून शिरायचा. त्यामुळे अपडेट टाकलेली मशीनसुद्धा गेली. कुलूप फोडायची गरजच नव्हती, किल्ली हातात होती.

मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा. आणि गंमत बघा. कोणाला कुठले हक्क, ही सगळी नोंद ज्या सर्व्हरवर असते ते डोमेन कंट्रोलर जगभर एकसाथ पुसले गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तर त्या वेळी तिथे लाइट गेली होती म्हणून तो बंद होता. ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ मध्ये हे सविस्तर छापलं. लोडशेडिंगला शिव्या देत मोठे झालेलो आपण, पण एवढी मोठी कंपनी लाइट गेल्यामुळे सावरली. धंदा मात्र लाइट जाण्याच्या भरवशावर चालवायचा नसतो.

मग ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर करायचं काय? पहिली गोष्ट, तो मेसेज म्हणजे आजार नाही. वॉचमनने हटकलंय. तो का हटकतोय ते आधी विचारा. मी हा क्रम वापरतो:

१. मेसेज पूर्ण वाचा. ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणजे तुम्ही कोण हेच मशीनला पटलेलं नाही. ‘परवानगी नाही’ म्हणजे ओळखलंय, पण आत सोडत नाही. ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’ म्हणजे परवानगीचा संबंधच नाही, केबल, वायफाय किंवा समोरचं मशीन बघा.

२. एकालाच अडतंय की सगळ्यांना? एकालाच असेल तर त्याच्या अकाउंटमध्ये शोधा. सगळ्यांना असेल तर फोल्डरमध्ये.

३. शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात, एक ‘शेअरिंग’चं, दुसरं ‘सिक्युरिटी’चं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, आणि ज्यात कमी परवानगी तेच लागू होतं. बहुतेक लोक एकच दार उघडतात आणि कपाळाला हात लावतात. कुठे ‘डिनाय’वर टिक राहिलीय का तेही बघा. साधारणपणे ‘डिनाय’ हे ‘अलाऊ’ला भारी पडतं.

४. एखाद्याला नवीन ग्रुपमध्ये टाकलं असेल तर त्याला लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा. त्याशिवाय नवे हक्क लागत नाहीत. अर्धे फोन इथेच मिटतात.

५. ॲडमिन असूनही मशीन नाही म्हणतं? विंडोज ॲडमिनलासुद्धा रोजच्या कामात साध्या हक्कांवर ठेवतं. त्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. आणि एका मशीनवरचा ॲडमिन दुसऱ्या मशीनवर पाहुणाच असतो, हे विसरू नका.

६. एखादं जुनं सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालतच नसेल तर बऱ्याचदा त्याला फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायचं असतं. त्या एका फोल्डरला ‘मॉडिफाय’ द्या. माणसाला अख्खं मशीन देऊ नका.

आता मालकाचं काम. यात एक रुपयाचा खर्च नाही.

प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन, आणि रोजचं लॉगिन साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’. शेठ, तुमचंसुद्धा. ॲडमिन अकाउंट वेगळं, फक्त काहीतरी बसवायचं असेल तेव्हाच वापरायचं. त्याचा पासवर्ड आणि डिस्कची रिकव्हरी की कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरच्या कपाटात. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड, सगळीकडे तोच एक नको. हार्डवेअरवाल्याला त्याचं स्वतंत्र अकाउंट, काम झालं की बंद. एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने कायमचा पासवर्ड लावून ठेवलाय का तेही तपासा. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं अकाउंट बंद करायचं. हिशेब चुकता करतानाच.

एक सावधगिरी. लोकांचे ॲडमिन हक्क काढण्याआधी तुमचं ॲडमिन अकाउंट तयार करा, त्याने एकदा लॉगिन करून खात्री करा, मगच बाकीच्यांना खाली आणा. उलटं केलंत तर स्वतःच बाहेर राहाल.

प्रायव्हेट लिमिटेड काढायचा विचार असेल तर अजून एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं कायद्याने सक्तीचं आहे. पण चौघंही एकाच लॉगिनने टॅली उघडत असतील तर त्या नोंदीत बदल कोणी केला म्हणून दिसणार काय? एकच नाव.

हीच सवय नेटवर्कच्या बाहेरही लावा. जीएसटी पोर्टलवर कित्येकांचा मोबाईल-ईमेल सल्लागाराचाच असतो. हा घोळ इतका झाला की २०१८ मध्ये सरकारला अधिकाऱ्यामार्फत तो बदलून घ्यायची पद्धत जाहीर करावी लागली.

तर आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं काढा. प्रत्येक मशीनवर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात ‘युअर इन्फो’ आणि ‘अदर यूजर्स’ दोन्ही उघडा आणि कोणाच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलंय ते वहीत उतरवा. त्या यादीत तुमचं नाव नसेल, तर भांडवल तुमचं, जागा तुमची, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. ती आधी परत घ्या. नवीन ग्राहक उद्या शोधू.

भेटू पुढच्या व्हिडिओत.