गाडीची उंची आणि कारागिराची जबाबदारी

गुहागर तालुक्यात पावसाळा सरला की गॅरेजवाल्यांकडे एक मागणी हमखास येते. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा थार घेऊन गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "टायर मोठे टाका, गाडी थोडी वर उचला." मागणी अगदीच निराधार नाही. शृंगारतळीची बाजारपेठ सोडून आतल्या वाडीत शिरले की जांभ्याचे खडक, उखडलेली खडी आणि पऱ्याचे पाणी यांतूनच वाट काढावी लागते. माल पोहोचविणाऱ्या व्यापाऱ्याला गाडीचे पोट घासून चालत नाही. तथापि, या कामात पैसा कोठे सत्कारणी लागतो आणि कोठे वाया जातो याचा हिशेब मांडल्याशिवाय कोणीही हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम टायरचा हिशेब पाहू. बोलेरोला 215/75 आर 15 या मापाचा टायर येतो. त्याची एकूण उंची सुमारे 703 मिलिमीटर भरते. त्याऐवजी 235/75 आर 15 टाकला तर उंची सुमारे 733 होते. म्हणजे टायर 30 मिलिमीटरने वाढला. परंतु आस चाकाच्या मध्यावर असल्याने गाडी वर उचलली जाते ती फक्त 15 मिलिमीटर. या 15 मिलिमीटरसाठी मोजावी लागणारी किंमत टायरच्या बिलावर संपत नाही. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे काटा 60 दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे धावत असते. मीटरवर 10,000 किलोमीटर दिसतात तेव्हा प्रत्यक्षात 10,400 हून अधिक झालेले असतात. ऑईल बदलण्याची वेळ मागे पडते आणि मायलेजचा हिशेब चुकतो. चढावर इंजिनाची ओढही तेवढ्याच प्रमाणात कमी होते. माल भरून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जाणाऱ्यास हा फरक पहिल्या फेरीतच कळतो. शिवाय रुंद टायर पूर्ण वळणावर मडगार्डला किंवा आतल्या बाजूला घासतो काय, हे माल भरलेल्या स्थितीतच पाहावे लागते.

आता कमानी आणि स्प्रिंगचा विचार करू. पुढे स्पेसर घालून आणि मागे कमानीत पाटा वाढवून गाडी इंच-दीड इंच उचलता येते. पण येथे एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. बोलेरोसारख्या गाडीत मागचा आस अखंड असतो आणि डिफरन्शियलचा गोळा हाच मागच्या बाजूचा सर्वांत खालचा भाग असतो. कमान उचलली की बॉडी वर जाते, गोळा होता तेथेच राहतो. तो वर जातो फक्त टायरने. वाटेतला जांभ्याचा सुळका गोळ्यालाच लागत असेल तर कमानीवर केलेला सर्व खर्च पाण्यात गेला असे समजावे. उलट बॉडी वर गेल्याने शाफ्टचा कोन बदलतो व क्रॉस लवकर झिजतो, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, अलाइनमेंट बिघडून नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीचा भार उंचावर गेल्याने वळणावर ती अधिक झुकते. टपावर माल बांधणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

उंच गाडी पाण्यातून निघते, हाही एक समज आहे. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण शहर पुराखाली गेले तेव्हा तेथे असंख्य गाड्या बुडाल्या. इंजिन हवा कोठून घेते, ती जागा कमानीच्या एका इंचाने पाण्याबाहेर येत नाही. पऱ्याला पाणी चढले असेल तर थांबणे, एवढाच उपाय आहे.

आखातात नोकरी करून आलेल्या आमच्या अनेक तरुणांनी तेथे मोठ्या टायरच्या उंच गाड्या पाहिलेल्या असतात. परंतु तेथील वाळवंट वेगळे आणि आपला सडा वेगळा. वाळूत टायरची हवा कमी केली की त्याचा पसारा वाढतो आणि गाडी रुतत नाही. तीच हवा कमी ठेवून जांभ्यावर गाडी घातली तर टायरची बगल फाटते. ज्या जमिनीवर गाडी चालवायची, त्या जमिनीचा विचार आधी व्हावा.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब ठामपणे सांगितली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने गैर बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. एक इंच उंची म्हणजे मूळ तपशिलात बदल होतो काय, यावर वाद घालता येईल. पण तो वाद अपघात झाल्यावर, विम्याचा दावा अडकल्यावर आणि कोणाचा तरी जीव गेल्यावर घालावा लागतो. त्या वेळी कोणाच्याही युक्तिवादाला किंमत उरत नाही.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची सूचना आहे की, कंपनीने त्या मॉडेलसाठी पुस्तिकेत छापलेल्या मापांपैकी जे मोठे असेल तेथेच थांबावे. घेताना टायरवरील भार-अंक पाहावा. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो. चार आकडी तारीखही वाचावी. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. गाडी बसली असेल तर ती उचलण्यापूर्वी थकलेल्या कमानी, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर बदलून पाहावेत. पुष्कळदा गमावलेली उंची तेवढ्यानेच परत मिळते आणि त्यात कायदाही आड येत नाही.

कारागीर बंधूंना मात्र अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. गिऱ्हाईक हौसेने मागेल आणि तुम्ही नकार दिलात तर ते शेजारच्या गॅरेजात जाईल, ही भीती खरी आहे. एक दिवसाची मजुरी बुडते, हेही खरे. पण गाडीसोबत तिच्यात बसणारी बायकामुले आणि म्हातारी माणसेही तुमच्या हाती सोपविलेली असतात. ही अमानत आहे. काय बदलले याची नोंद बिलावर करा. जे करू नये ते का करू नये, हे गाडीखाली नेऊन दाखवा. कमानी बांधणे, बुश बसविणे, अलाइनमेंट आणि हेडलाइट जुळविणे हे काम कोकणच्या रस्त्यांवर वर्षभर संपत नाही. खरे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, आणि धंद्याची बरकत त्या दुसऱ्या खेपेतच असते.