सायकलही बेतून घ्यावी लागते



सायकलीविषयी आलेली पत्रे गेले दोन महिने मी एका बाजूला ठेवत होते. आता त्यांचा चांगला गठ्ठा झाला आहे. त्यातले साताऱ्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र चार पानी आहे. वय ४१, उंची पाच फूट एक इंच. सकाळी लवकर निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर गेले की डांबर सोडून एखाद्या पाणंदीने वाड्यावस्त्यांकडे वळायचे, ही त्यांची हौस. बारीक टायरची सायकल खडीवर घसरते आणि जाड टायरची डोंगरी सायकल घाटात जीव काढते. त्या लिहितात, ‘ग्रॅव्हल बाइक घ्यावी म्हणते. पण घरात विचारतात, एवढे पैसे कशाला? दुकानात गेले तर माझ्याशी न बोलता ह्यांच्याशीच बोलतात. आणि माझ्या मैत्रिणीने घेतलेली तशीच सायकल सहा महिन्यांत अडगळीत गेली. बसवतच नाही म्हणाली.’

मला या पत्रातले शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे वाटले. ‘बसवतच नाही’ असे म्हणून किती जणी सायकल सोडतात! दोष आपल्या वयाचा, वजनाचा, नाजूकपणाचा समजतात. अहो, शिवून आणलेला ब्लाऊज काखेत काचला तर आपण दंड कापून टाकतो का? उसवून घेतो, पुन्हा बेततो. सायकलीचेही तसेच आहे.

आधी ही ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय ते थोडक्यात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर हलके. नाव नवे आहे, हौस जुनी. इंग्लंडात १९५५ सालीच कच्च्या वाटांवरून सायकली नेणाऱ्यांचा ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचा क्लब निघाला होता. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ साली दोनशे मैलांची खडीवरची शर्यत सुरू झाली. आता ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने भरते. आपल्याला काही दोनशे मैल जायचे नाही. पण अर्धा रस्ता डांबरी, अर्धा मुरमाचा आणि मध्ये कुठे डांबर उखडून नुसती खडी उरलेली, हे वर्णन आपल्याकडच्या कुठल्या तालुक्याला लागू पडत नाही, सांगा बरे! तुम्ही फक्त शहरातल्या शहरात फिरणार असाल तर मात्र ही सायकल घेऊ नका. साधी सरळ हँडलची सायकल निम्म्या पैशांत तेवढेच काम करील.

दुकानात गेल्यावर रंग आणि फ्रेमचा धातू यांत फार गुंतू नका. ॲल्युमिनियम असो, स्टील असो, कच्च्या रस्त्यावरचे धक्के मुख्यतः टायरच खातात. म्हणून पहिला प्रश्न टायरचा. चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर मडगार्डसकट बसतो का, हे विचारा. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढी जागा हवी. देशावरची काळी माती पावसात कशी चिकटते ते तुम्हाला ठाऊक आहे. चपलेला लागते तशीच ती चाकाला लागते आणि जागा नसेल तर चाक फिरायचेच थांबते. मग सायकल खांद्यावर घेऊन घरी या!

दुसरा प्रश्न गिअरचा. दुकानदार एकूण किती गिअर ते सांगेल. त्या आकड्यावर जाऊ नका. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. मागचे दात पुढच्याइतके किंवा त्याहून जास्त हवेत. पुढे ३० आणि मागे ३४ असतील तर उत्तम. पुढे एकच चकती ४० दातांची आणि मागे ४२ असेल तरी चालेल. पायडलचा एक फेरा मारला की चाक एका फेऱ्याहून थोडे कमीच फिरते, त्यामुळे घाटात बसल्या बसल्या चढता येते, गुडघ्यांवर ताण येत नाही. दात मोजू लागलात की दुकानदारही ह्यांच्याकडे पाहायचे सोडून तुमच्याशी बोलायला लागतो, हा आणखी एक फायदा.

तिसरी गोष्ट मापाची आणि इथे अजिबात तडजोड नको. ‘हीच साइझ शिल्लक आहे, सीट खाली करून देतो’ असे कोणी म्हणाले तर सरळ बाहेर पडा. सीट खाली करता येते, फ्रेम आखूड करता येत नाही. आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकून वर दोनतीन बोटे तरी जागा उरली पाहिजे. मग कोणाला तरी सायकल धरायला सांगून वर बसा, एक पायडल पुढे आडवे आणा आणि हँडल वळवा. बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते का पाहा. पाच फुटांच्या आसपास उंची असणाऱ्यांना हा त्रास हटकून होतो आणि खडीवर सावकाश वळताना नेमके तिथेच पडायला होते. अशा वेळी ७०० ऐवजी ६५० मापाची, जरा लहान चाके घालून येणारी सायकल मिळते का, ते विचारावे.

आता बेतण्याकडे वळू. माझे तर मत असे, की ठरवलेल्या रकमेचा दहावा हिस्सा या कामासाठी आधीच बाजूला काढावा, नाहीतर तो कधीच निघत नाही.

सीटची उंची घरी ठरवता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर घट्ट धरायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचे. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. सत्तर सेंटिमीटर आले तर उत्तर होते सुमारे ६२. पायडलचा दांडा जिथे फ्रेममध्ये बसतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवून सुरुवात करायची. मग टाच पायडलवर ठेवून पाहा. पाय अगदी खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हलका बाक आपोआप राहतो.

आता सीटची रुंदी. ज्याविषयी आपण एकमेकींशीसुद्धा दबक्या आवाजात बोलतो ते दुखणे इथूनच सुरू होते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, कठीण ठेंगण्या स्टुलावर ठेवा आणि पातळ कपड्यात त्यावर मिनिटभर जोर देऊन, थोडे पुढे झुकून बसा. उठल्यावर बैठकीच्या दोन हाडांचे दोन खळगे दिसतील. मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि त्यात वीस ते पंचवीस मिलिमीटर मिळवा. एवढी रुंद सीट तुम्हाला हवी. बायकांचे हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा थोडे जास्त असते, त्यामुळे पुरुषांच्या मापाची अरुंद सीट आपल्याला हाडांवर न पेलता मधल्या नाजूक भागावर पेलते. जेलचे गुबगुबीत कव्हर आणून हा दोष जात नाही. उलट हाडे त्यात रुततात आणि मधला भाग आणखी दाबला जातो. मध्ये खाच असलेली, जरा कडकच सीट घ्या, ती सपाट बसवा, नाक वर नको. पॅडची सायकलिंग पँट घालत असाल तर तिच्या आत दुसरे काही घालू नये. शिवणी घासून कातडे सोलवटते, म्हणूनच ती तशी शिवलेली असते. आणि बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील तर ‘सवय होईल’ म्हणून सोसू नका. सवय होत नसते, जखम होते.

हँडल लांब वाटत असेल, मान आणि तळहात दुखत असतील, तर हँडलला फ्रेमशी जोडणारा आखूड तुकडा बदलून घ्या. दुकानात त्याला स्टेम म्हणतात. नव्वदचा काढून सत्तर मिलिमीटरचा घातला की हात कोपरात सैल होतात. हँडलची रुंदीही खांद्यांच्या रुंदीएवढीच असावी. पण त्याहून निकडीची गोष्ट ब्रेकची. खालच्या वळलेल्या भागावर हात ठेवून दोन बोटे ब्रेकच्या दांडीवर सहज वळतात का? वळत नसतील तर बहुतेक दांड्यांना जवळ आणायचा स्क्रू असतो, तो फिरवून घ्या. घाट चढणे एक वेळ जमेल. उतरताना बोटे ब्रेकपर्यंत पोचत नसतील तर काय उपयोग! पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे तेही विचारून घ्या, सगळ्या सायकलींना तो एकाच बाजूला नसतो. खडीवर वळण येण्याआधीच दोन्ही ब्रेक हलके हलके दाबून वेग कमी करायचा. वळणातच पुढचा ब्रेक आवळला तर चाक निसटते.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हवेची आहे. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. पंचावन्न किलो वजन आणि चाळीसचा टायर असेल तर मागे ३५ आणि पुढे ३२ पौंडांपासून सुरू करा, मग दोन-दोन पौंड कमी-जास्त करून पाहा. दगडावर रिमचा ठक्क आवाज आला की हवा कमी झाली म्हणायची. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हला बहुधा लागत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. ट्यूबशिवायचे टायर घेतलेत तर आतले चिकाचे औषध आपल्या उन्हात लवकर सुकते, दर दोनतीन महिन्यांनी घालावे लागते.

साताऱ्याच्या ताईंना ‘कशाला’चे उत्तर मात्र स्वतःच द्यावे लागेल. घरातल्या दोन मोटारसायकली घेताना हा प्रश्न कोणी विचारला होता का, एवढे मी त्यांना पत्राने कळवले आहे. पैसे थोडे कमी पडत असतील तर वापरलेली सायकल पाहा. मैत्रिणीची ती अडगळीतली सायकल त्यांच्या मापाची निघाली, तर सीट आणि स्टेम बदलून तीच घ्यावी. किंवा मैत्रिणीलाच पुठ्ठ्यावर बसवून तिची सायकल पुन्हा बाहेर काढावी, म्हणजे घाटात सोबत होईल.

पंक्चर घरी कसे काढायचे, ते पुढच्या अंकात. टायर उचकटायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या तेवढ्या आणून ठेवा.