सेवा कीं स्वस्त उमेदवारी?

इटलीच्या सरकारनें २०२३ सालीं असा कायदा केला कीं, ज्या तरुणांनीं 'सार्वत्रिक नागरी सेवा' निर्दोषपणें पुरी केली असेल त्यांच्यासाठीं, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जागा वगळून, सरकारी भरतींतील शेंकडा १५ जागा राखून ठेवाव्या. बेकार तरुणांस हा आधार वाटेल यांत संशय नाहीं. परंतु सेवेला नोकरीची पायरी केल्यानें दोहोंचेंही काय होतें, हें पाहणें अवश्य आहे. कारण फ्रान्सनें २०१० सालीं व जर्मनीनें २०११ सालीं अशाच योजना काढल्या आहेत.

या सेवेचा उगम मोठा मानाचा आहे. इटलींत लष्करी नोकरी सक्तीची असतां, सदसद्विवेकबुद्धीनें शस्त्र नाकारणारांस १९७२ च्या कायद्यानें नागरी कामाची मुभा मिळाली. मात्र त्यांस शिपायापेक्षां आठ महिने अधिक राबावें लागे! न्यायालयानें १९८९ सालीं हा अन्याय दूर केला. २००१ च्या कायद्यानें स्त्रियांसही खुली अशी ऐच्छिक सेवा स्थापिली गेली आणि २००५ पासून लष्कराची सक्ती थांबली. आज १८ ते २८ वयाचे तरुण आठ ते बारा महिने, आठवड्यास सुमारें २५ तास, वृद्धांची शुश्रूषा, ग्रंथालयें, पर्यावरण अशा कामांत घालवितात व त्यांस दरमहा सुमारें ५०० युरो निर्वाहभत्ता मिळतो.

पुढील गोष्ट व्यापारी वाचकांस सहज उमगेल. पेढीवर उमेदवारी करणारा मुलगा अल्प वेतनावर राहतो, तो जमाखर्च शिकावा म्हणून. मालकानें त्यास वर्षभर केवळ पाणी भरावयास लावलें, तर ती उमेदवारी नव्हे, वेठ होय. एखाद्या नगरपालिकेनें पगारी कारकुनाची जागा रिकामी ठेवून तेथें दरसाल नवा स्वयंसेवक बसविला, तर तिची बचत होईल. पण ज्या तरुणास उद्यां त्या जागेवर पोट भरावयाचें, त्याचीच नोकरी गेली. राखीव जागांचें आश्वासन हा तोटा भरून काढूं शकत नाहीं. खासगी कारखानदार तर शिक्का न पाहतां हाताला काय येतें तेंच विचारतो.

नागरिकत्वाची गोष्ट निराळी. या सेवेच्या भरतींत पूर्वीं इटलीच्या नागरिकत्वाची अट होती. एका पाकिस्तानी विद्यार्थ्यानें तिजविरुद्ध दाद मागितली; आणि २०१५ सालीं तेथील घटना-न्यायालयानें, कायदेशीरपणें राहणाऱ्या परकीयांस सेवेंतून वगळणें घटनाविरुद्ध ठरविलें. ज्या समाजांत माणूस राहतो त्याच्या उपयोगीं पडण्याची संधि त्यास नाकारतां येत नाहीं, असा त्या निकालाचा इत्यर्थ. आम्हांस तो शेंकडा १५ जागांहून अधिक मोलाचा वाटतो.

आमच्याकडे गांधीशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना निघाली. तींत दोन वर्षांत २४० तास भरावयाचे असतात. त्या तासांत मुलगा जखम बांधावयास शिकला, कीं नुसता रांगेंत उभा राहून छायाचित्र काढून घ्यावयास, याची नोंद प्रमाणपत्रांत असावी. तिकडे इटलीनेंही ज्या कचेरींत स्वयंसेवक धाडावयाचे, तिला आपल्या रिकाम्या पगारी जागा आधीं भरावयास लावाव्या.