कानात हेडसेट, आवाज किती?

लोकलमध्ये, बसथांब्यावर ब्लूटूथ हेडसेट घालून बोलणारी माणसे आता सर्रास दिसतात. अनेकांना धास्ती असते ती त्यातून निघणाऱ्या लहरींची. प्रत्यक्षात ब्लूटूथची शक्ती सहसा काही मिलीवॅट, म्हणजे मोबाइलच्या कमाल शक्तीच्या मानाने अगदीच कमी असते. कानाला खरा धोका आहे तो मोठ्या आवाजाचा.

गोंगाटात पलीकडचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढे तोच अंगवळणी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८६ डेसिबलला उरतात फक्त १० तास. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा तयार होत नाहीत.

खरेदी करताना एक गोष्ट नीट विचारावी. खोक्यावरचे ‘नॉइज कॅन्सलेशन’ अनेकदा फक्त मायक्रोफोनपुरते असते. त्याने पलीकडच्याला स्पष्ट ऐकू जाते. आपल्या कानावरचा गोंगाट तसाच राहतो. तो कमी करणारा, कानात नीट बसणारा हेडसेट निवडावा. मात्र रस्ता किंवा रूळ ओलांडताना तो काढावाच. वाहन चालवताना हात मोकळे असले, तरी लक्ष बोलण्यातच गुंतते.

कानात सतत गुणगुण होत असेल, बोलणे अस्पष्ट वाटत असेल, तर आवाज आणखी वाढवू नये. कान तपासून घ्यावेत.